सावलीची सावली

रुग्णालयात जायच्या आदल्या दिवशी सकाळपासून भिंगरी सासूबाईंच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून फिरत होती. सासूबाई ओट्याकडे गेल्या की ही ओट्याकडे, सासूबाई कपाटाकडे वळल्या की ही कपाटाकडे. हात पाठीमागे बांधलेले, ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे बशीएवढे मोठे.

शेवटी सासूबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. "अगं, मी काय चोर आहे का? माझी पाठ जळायला लागली तुझ्या बघण्यानं!"

"प्रॅक्टिस करतेय आई. उद्या अर्धा दिवस सिस्टरांची सावली व्हायचंय मला. त्या जातील तिथं जायचं, करतील ते बघायचं. हात मात्र कशालाही लावायचा नाही."

"कोण? तू?"

"हो. मी."

"आणि हात लावणार नाहीस?"

सासूबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यांचंही बरोबर होतं. भिंगरीला भिंगरी हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. पाळण्यात होती तेव्हापासून ती एका जागी ठरली नव्हती. दुसऱ्याच्या घरी गेली तरी गप्पा मारता मारता त्यांची भांडी पुसून ठेवायची. नवऱ्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण ती तो शर्ट त्याच्या अंगात असतानाच लावायची, आणि तो बिचारा सुई टोचेल या भीतीनं श्वास रोखून उभा राहायचा.

इतक्यात गॅसवर दूध वर आलं. भिंगरीनं एका उडीत सासूबाईंना ओलांडून गॅस बंद केला.

"नापास," सासूबाई म्हणाल्या.

मागून कोणीतरी खुदकन हसलं. भिंगरीच्या मागे दोन पावलांवर तिची अडीच वर्षांची मुलगी मुंगी उभी होती. हात पाठीमागे, ओठ मिटलेले, डोळे बशीएवढे.

मुंगी झाली तेव्हा भिंगरीनं दवाखान्यातली नोकरी सोडली होती. मुंगीनं तिला भरपूर पळवलं, ते सुख वेगळंच होतं. पण अलीकडे रस्त्यानं रुग्णवाहिका गेली की तिचे पाय आपोआप दाराकडे वळायचे. अशात घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या रुग्णालयात नर्सची एक जागा निघाली. एकच. तीही सकाळच्या पाळीची. मुंगी उठून आजीच्या मागेपुढे करून, जेवून झोपेपर्यंत आई घरी परत. ही जागा हुकली तर दुसरी होती ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथं रात्रपाळी ठरलेली. मुंगी अजून आईचा कान धरल्याशिवाय झोपत नव्हती. रात्रपाळीला कान घरी ठेवून जाण्याची सोय नव्हती.

मुलाखत छान झाली होती. आता राहिलं होतं ते एवढंच. त्या रुग्णालयाची तशी पद्धतच होती: आधी अर्धा दिवस वॉर्डात सावलीसारखं फिरा, आमचं काम तुम्ही बघा, तुमचं वागणं आम्ही बघतो, मग ठरवू.

"आणि एक लक्षात ठेवा," ऑफिसातल्या बाईंनी फोनवर बजावलं होतं, "कशाला म्हणजे कशालाही हात लावायचा नाही. पाणी मागितलं तर पाणीसुद्धा द्यायचं नाही. मागं एका सावलीनं दया येऊन पेशंटला पाणी पाजलं. त्याचं ऑपरेशन होतं हो त्या दिवशी! उपाशीपोटी ठेवला होता त्याला. डॉक्टर अजून विचारतात, ती कुठं राहते म्हणून. बरं, साध्या कपड्यात या."

शेवटचं वाक्य सासूबाईंना मुळीच पटलं नाही. त्यांनी ट्रंकेतून भिंगरीचा जुना युनिफॉर्म काढला, पाण्याचे शिंतोडे मारून कडक इस्त्री केली आणि दाराच्या हुकाला टांगला.

"आई, साध्या कपड्यात या म्हणालेत."

"म्हणू देत. पोहायला जाताना कोणी स्वेटर घालून जातं का? बघणाऱ्याला पहिल्या नजरेत नर्स दिसली पाहिजे."

भिंगरीला तरी कुठं नको होतं? सकाळी तिनं युनिफॉर्म अंगात चढवला. मुंगीच्या जन्मानंतर तो कमरेत जरा रुसला होता, पण पोट आत ओढल्यावर समजुतीनं वागला. आरशात तिनं एकदा समोरून, एकदा बाजूनं बघून घेतलं. दाराशी मुंगी आपले चिमुकले बूट घेऊन बसली होती. "मी! मी घालनाल!"

"हो गं राणी, पण आईला उशीर होतोय ना," म्हणत भिंगरीनं दोन्ही बूट तिच्या पायात सटासट चढवले, पट्टे लावले आणि तिचा पापा घेतला. मुंगीनं बूट काढून फेकले. भिंगरी तोवर कोपऱ्यापर्यंत पोचली होती.

रुग्णालयात स्वागतकक्षातल्या मुलानं मान वर न करताच सांगितलं, "तिसरा मजला, हाडांचा वॉर्ड. टेबलाशी सिस्टर असतील, त्यांच्या मागे मागे फिरायचं." लिफ्टचं बटण दाबलं तर लिफ्ट येईना. आत कुठंतरी वरून कोणाचा तरी ठोकण्याचा आवाज येत होता. दुरुस्ती चालू असेल असं समजून भिंगरी जिन्यानं दोन दोन पायऱ्या घेत वर गेली.

ती लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती, आणि ठोकणारी व्यक्ती म्हणजे हाडांच्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर होत्या, हे भिंगरीला कळायला अजून वेळ होता. त्यांच्याबरोबर वॉर्डातल्या मावशी आणि धुतलेल्या चादरींची गाडीही आत होती. वॉर्डात राहिली होती एकच नर्स. तीही ड्रेसिंगच्या खोलीत, दार लावून, एका ओरडणाऱ्या पेशंटची पट्टी बदलत.

तिसऱ्या मजल्यावरच्या टेबलाशी मात्र एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, भारदस्त, पांढराशुभ्र कोट घातलेल्या. चष्म्याला सोनेरी साखळी आणि छातीवर उलटं लटकवलेलं नर्सचं घड्याळ. भिंगरी बघतच राहिली. काय रुबाब! अशा बाईची सावली व्हायला मिळणं म्हणजे नशीबच.

"नमस्कार सिस्टर," ती म्हणाली. "मी आले."

"नमस्कार सिस्टर," साखळीवाल्या बाई म्हणाल्या. "मीही तुमचीच वाट बघत होते."

किती आदब! आपल्यासारख्या नवख्या मुलीलासुद्धा सिस्टर म्हणतात. भिंगरीनं हात पाठीमागे बांधले आणि दोन पावलं मागे सरकली. बाईंनीही हात पाठीमागे बांधले आणि दोन पावलं मागे सरकल्या.

दोघींच्या मध्ये आता चार पावलं अंतर पडलं.

"चला ना," भिंगरी म्हणाली.

"हो, चला ना."

"तुम्ही पुढं."

"छे छे, तुम्ही पुढं."

भिंगरीला वाटलं, परीक्षा सुरू झाली. सावलीनं पुढं जायचं नसतं हे हिला माहीत आहे का, ते बघताहेत. ती ताठ उभी राहिली. बाईही ताठ उभ्या राहिल्या. शेवटी भिंगरी वळसा घालून त्यांच्या पाठीमागे जायला निघाली, तशा बाईही वळसा घालून हिच्या पाठीमागे जायला निघाल्या. टेबलाभोवती दोघींची एक पूर्ण फेरी झाली.

वॉर्डाच्या दारालगतच्या खाटेवर पाय दोरीनं वर टांगलेला एक ड्रायव्हर पडला होता. तो शेजारच्याला म्हणाला, "हे काय नवीन? राउंड राउंड म्हणतात तो हाच का?"

तेवढ्यात खिडकीजवळच्या खाटेवरची घंटी वाजली. दोघी एकदम त्या दिशेला वळल्या आणि खांद्याला खांदा लावून निघाल्या, कारण कोणीच पुढं जाईना आणि आता कोणाला मागंही राहता येईना.

त्या खाटेवर निवृत्त मुख्याध्यापक होते. खुब्याचं ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले होते. हाड उत्तम जुळलं होतं, डॉक्टर रोज "चाला, चाला" म्हणत होते, वॉकर खाटेला टेकून उभा होता. पण मुख्याध्यापकांनी पाय जमिनीला लावला नव्हता. चालवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला त्यांनी पहिल्याच दिवशी "बूट पॉलिश करून ये" म्हणून परत पाठवलं होतं. त्या पोरानं हार न मानता पाण्याचा जग मुद्दाम उचलून खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. तहान लागली की उठतील, हा त्याचा हिशेब. पण वॉर्ड दयाळू होता. मावशी पाणी द्यायच्या, नर्स द्यायच्या, दुसऱ्यांना भेटायला आलेले लोक द्यायचे. मुख्याध्यापक बसल्या जागी सबंध रुग्णालयाकडून पाणी भरून घेत होते.

यातलं भिंगरीला काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं की एक म्हातारे गृहस्थ पाण्याकडे बोट दाखवताहेत.

"पाणी," मुख्याध्यापक म्हणाले.

भिंगरीचा उजवा हात पाठीमागून सुटला. डाव्या हातानं त्याला मनगटाशी पकडून जागेवर आणलं. पाणीसुद्धा द्यायचं नाही! तिनं साखळीवाल्या बाईंकडे पाहिलं. आता या देतील. बाई तिच्याकडे बघून गोड हसत होत्या. हात पाठीमागे.

"बाई, पाणी म्हणालो मी."

दोघी त्यांच्याकडे अत्यंत आस्थेनं बघत राहिल्या.

"ऐकू येत नाही का?"

दोघींनी मान डोलावली. ऐकू येत होतं.

भिंगरीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही बाईंची पद्धत आहे! उगाच नाही केस पांढरे झाले. पेशंटचं पेशंटलाच करू द्यायचं, आपण नुसतं पाठीशी उभं राहायचं. तिच्या अंगावर आनंदानं काटा आला. पुस्तकात वाचलेलं आज डोळ्यांनी बघायला मिळत होतं. बाईंच्या डोक्यातही नेमका हाच प्रकाश त्याच क्षणी पडत होता. एवढीशी पोरगी, पण केवढा संयम! आजकालच्या मुली हुशार बाई.

"मी पंचवीस वर्षं शाळा चालवली आहे!" मुख्याध्यापकांचा आवाज चढला. "शिपायानं पाणी आणायला एवढा वेळ लावला असता तर त्याला मी उभं केलं असतं!"

"उभ्याच आहेत की सर दोघी," ड्रायव्हर लांबून म्हणाला.

"गप्प बसा! इथं वरिष्ठ कोण आहे? मला तक्रार करायची आहे. बोलवा वरिष्ठांना!"

भिंगरीनं आशेनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी आशेनं भिंगरीकडे पाहिलं. वरिष्ठ काही बोलेनात.

"नाही बोलवणार? ठीक आहे." मुख्याध्यापकांनी अंगावरची चादर झटकली. "मीच जातो."

आणि त्यांनी पाय खाली सोडले.

ड्रायव्हर कोपरांवर उठला. मुख्याध्यापकांनी वॉकर ओढला, एकदा दात-ओठ खाल्ले आणि उभे राहिले. पहिलं पाऊल पडलं. भिंगरी झटक्यात त्यांच्या डाव्या बाजूला आली, बाई उजव्या बाजूला. दोघींचे हात त्यांच्या अंगापासून बोटभर लांब, जणू गरम पातेलं आहे, चटका बसेल.

"अरे सर चालले!" ड्रायव्हर ओरडला. "सर सुटले! कट्टा मागं टाकला, आता टेबलाच्या दिशेनं... सर, पाणी राहिलं तिकडंच!"

"पाणी गेलं खड्ड्यात! मला तक्रार करायची आहे!"

वॉकरची टकटक वॉर्डातून बाहेर पडली. खाटांवरचे लोक माना लांब करून बघत होते, एकजण तर टाळ्याच वाजवायला लागला. ड्रेसिंगच्या खोलीतून आतली नर्स ओरडली, "आले हं, आले, एकच मिनिट!" भिंगरीला हसू येत होतं, रडूही येत होतं. असं तिला दोन अडीच वर्षांत एकदाच झालं होतं, मुंगीनं खुर्ची सोडून पहिलं पाऊल टाकलं तेव्हा. तेव्हाही हे असेच हात पसरून ती मागे मागे चालली होती.

टेबल एका हातावर आलं आणि मुख्याध्यापकांचा तोल गेला.

फार नाही, थोडासाच. वॉकरचं एक चाक फरशीच्या फटीत अडकलं आणि ते डावीकडे कलले. नियम, नोकरी, सकाळची पाळी, सगळं भिंगरीच्या डोक्यातून उडालं. दोन्ही हातांनी तिनं त्यांना कमरेत घट्ट धरलं. त्याच वेळी उजवीकडून बाईंनीही धरलं. युनिफॉर्म कमरेशी टर्रकन उसवला.

आणि त्याच क्षणी समोरची लिफ्ट कचकच करत उघडली. चादरींच्या गाडीमागून विस्कटलेल्या केसांच्या इनचार्ज सिस्टर बाहेर आल्या. त्यांच्या मागे घामाघूम झालेल्या मावशी.

समोर मुख्याध्यापक उभे. स्वतःच्या पायांवर.

मावशींच्या हातातली चादर गळून पडली. "अगं बया! यांना कोणी उठवलं?"

"उठवलं?" मुख्याध्यापक गरजले. "उठवायला कोणी हात लावला नाही मला! तीच माझी तक्रार आहे! या दोघी नुसत्या बघत उभ्या राहतात. बघतात आणि हसतात! कुठून आणल्यात या?"

इनचार्ज सिस्टरांनी चष्मा पुसला. "तुम्ही कोण?" त्यांनी भिंगरीला विचारलं.

"मी सावली. म्हणजे, नोकरीसाठी आलेय. आज बघायला." तिनं अदबीनं साखळीवाल्या बाईंकडे हात केला. "या सिस्टरांच्या मागे."

"माझ्या?" बाई किंचाळल्याच. "अहो, मी तुमच्या मागे होते!"

"माझ्या? मी तर तुमच्या मागे!"

"तुम्ही युनिफॉर्ममध्ये आहात!"

"तुम्ही कोटात आहात!"

"कोट माझा जुना, शाळेच्या दवाखान्यातला. साधे कपडे घालून रुग्णालयात आलं की मला उगाच आजारी असल्यासारखं वाटतं."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भिंगरीनं मनात जुळवून पाहिलं. म्हणजे पद्धत वगैरे काही नव्हती. ही त्याच एका जागेसाठी आलेली दुसरी उमेदवार होती, आणि आपण दोघींनी मिळून एका तहानलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाणी दिलं नव्हतं. आणि वर हातही लावला होता. सकाळची पाळी हळूहळू शहराच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागल्याचं तिला दिसायला लागलं.

"मी दोघींना एकदम बोलावलं होतं," इनचार्ज सिस्टर सावकाश म्हणाल्या. "माझ्या मागे फिरायला. एकमेकींच्या नाही."

"सिस्टर, आमच्या तक्रारीचं काय झालं?" मुख्याध्यापकांनी वॉकर आपटला.

"लिहून घेते ना सर. पण तुम्ही इथपर्यंत आलात कसे?"

"चालत! दुसरं कसं?" ते म्हणाले, आणि आपणच बोललेलं आपल्याच कानांनी ऐकून थांबले. त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग मागे, एवढा लांब दिसणाऱ्या आपल्या खाटेकडे. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "चालत आलो मी."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

"पण तक्रार तक्रारच आहे," ते सावरून म्हणाले.

"अर्थात," इनचार्ज म्हणाल्या. "उद्याही करा. पण चालत येऊन करा."

भिंगरी घरी आली ती कमरेशी हात धरून, उसवलेला युनिफॉर्म झाकत. सासूबाईंना सगळं सांगता सांगता ती तीनदा हसली आणि दोनदा रडली. सासूबाईंनी शांतपणे सुई-दोरा आणला आणि युनिफॉर्म तिच्या अंगातच असताना शिवायला घेतला.

"हात लावलास ना शेवटी?"

"लावला."

"मग गेली म्हणायची नोकरी."

"गेलीच असेल." भिंगरीनं श्वास रोखून धरला, सुई टोचेल म्हणून. मुंगी मांडीवर चढून तिचा कान चाचपत होती.

फोन संध्याकाळी वाजला. इनचार्ज सिस्टर स्वतः बोलत होत्या. "तुम्ही ज्यांच्या मागे होता ना, त्या बाईंचे गुडघे दुखतात. त्यांना पूर्ण पाळी झेपणार नाही म्हणतात, अर्धीच हवी. दुपारची. तुम्हाला सकाळची अर्धी चालेल का? पगारही अर्धाच बरं. दोघी मिळून एक नर्स होता, असं मी वर कळवते."

"चालेल! पळेल!" भिंगरी किंचाळली.

"आणि ऐका. दुपारी तुमची पाळी संपून त्यांची सुरू होते, तेव्हा थोडा वेळ दोघींनी थांबायचं. मुख्याध्यापक सर आता इतर कोणाचं ऐकेनात. ते दुपारी परत पाणी मागत होते, मावशींनी लगेच दिलं, तर हे झोपून राहिले. त्यांना चालायला राग यावा लागतो, आणि राग फक्त तुम्हा दोघींचा येतो. सोमवारपासून दुपारी त्यांच्या खाटेशी यायचं आणि काहीही करायचं नाही. जमेल ना?"

सोमवारी सकाळी शिवलेला युनिफॉर्म घालून भिंगरी दाराशी आली, तर उंबऱ्यात मुंगी बूट घेऊन बसलेली. "मी! मी घालनाल!"

भिंगरीचे हात बुटांकडे गेले. अर्ध्यावर थांबले. मग तिनं ते सावकाश पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट गुंतवले.

मुंगीनं एकदा संशयानं आईकडे पाहिलं आणि कामाला लागली. बूट उलटा धरला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. जीभ बाहेर काढून पाय आत कोंबला. भिंगरीची बोटं पाठीमागे नुसती वळवळत होती. ओट्यापाशी उभ्या असलेल्या सासूबाई दोन पावलं पुढं आल्या आणि सुनेच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांनीही हात पाठीमागे बांधले. दोघी श्वास रोखून बघत राहिल्या. दुसरा बूट. पट्टा. पट्टा सुटला. पुन्हा पट्टा.

मुंगी उठून उभी राहिली. उजवा बूट डाव्या पायात होता आणि डावा उजव्या. पण चालत होती ती राणीसारखी.

"पास," सासूबाई हळूच म्हणाल्या.

आणि त्यांच्या मागे, ओट्यावर, फसफस करत दूध उतू गेलं.